अर्थिंगचा स्क्रू

"टॉर्च जरा खाली घ्या, ताई. आणखी. हां, तिथंच. आता हलू नका."

दिगंबर पांचाळ आमच्या अंगणात स्कूटरपुढे उकिडवा बसला होता आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकून टॉर्च धरून उभी होते. नोव्हेंबरचे दिवस, साडेसहालाच काळोख पडायचा. माझी धाकटी बहीण कुंदा पायरीवर बसून टाच चोळत होती. स्टेशनच्या फाटकापासून घरापर्यंत तिनं स्कूटर ढकलत आणली होती. फाटकापाशीच हेडलाइट गेला आणि त्या रस्त्यावर एकही खांब पेटत नव्हता.

"बल्ब तर चांगला आहे," दिगंबर म्हणाला. बल्ब काढून त्यानं टॉर्चसमोर धरला, आतली तार मला दाखवली. "बघा, शाबूत आहे. लोक पहिल्यांदा बल्बच बदलतात. पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो."

मग त्यानं हँडलवरचं झाकण काढलं. आत रंगीबेरंगी वायरींचा गुंता. डिपरचं बटण उघडून त्यानं फुंकर मारली, पुन्हा बसवलं. खिशातून हातभर वायर काढली, तिचं एक टोक बल्बच्या होल्डरला लावलं, दुसरं हँडलच्या उघड्या लोखंडावर टेकवलं.

"मारा किक, कुंदाताई."

कुंदानं किक मारली आणि समोरच्या भिंतीवर भसकन उजेड पडला. तारेवर वाळत घातलेली आमच्या वडिलांची, नानांची, धोतरं पांढरीफेक दिसली. कुंदानं टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे दोष अर्थिंगचा," तो म्हणाला. हे तो कुंदाला नाही, मला सांगत होता, कारण टॉर्च माझ्या हातात होता. "करंट बल्बात जातो, पण तो परत यायला पाहिजे ना. ही काळी वायर त्याला परत आणते. हा बघा तिचा स्क्रू, ढिला झालाय. एवढुसा स्क्रू, पण हा हलला की सगळं बंद."

त्यानं पेचकसनं स्क्रू आवळला, झाकण लावलं आणि हात पुसत उभा राहिला. "तुमचा हात लई स्थिर आहे, ताई. माझ्या दुकानात कुणाला टॉर्च धरता येत नाही. सारखं दुसरीकडंच बघतात."

मी आत गेले आणि आलं घालून चहा केला.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. दहावीत असताना आई अंथरुणाला खिळली म्हणून माझी शाळा सुटली. आई नऊ वर्षं तशी होती. तिचं हगणंमुतणं, नानांचं कचेरीचं जेवण, कुंदाची वेणी आणि पुस्तकं, सगळं माझ्याकडं होतं. आई गेल्यावर मला बघायला माणसं यायला लागली. पोहे खाऊन व्हायचे, आणि मग कुणीतरी नानांना हळूच विचारायचं, "धाकटीचं वय काय म्हणालात?" कुंदा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. पुढं पुढं माणसं यायचीच बंद झाली. माझा हात स्थिर आहे की थरथरतो, हे त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं.

कुंदा बी.ए. झाली होती आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होती. गंगाखेडात त्या परीक्षेचा क्लास एकच होता, स्टेशनच्या पलीकडं, संध्याकाळी पाच ते सात. नानांनी त्यासाठी एका मास्तरांकडून जुनी स्कूटर घेतली. त्या वेळी आमच्या गल्लीत स्कूटर चालवणारी मुलगी दुसरी नव्हती. नानांची अट एकच: दिवा लागला पाहिजे आणि साडेसातच्या आत घरात पाहिजे.

आठ दिवसांनी दिवा पुन्हा गेला.

दिगंबर आला. मी टॉर्च धरला. तोच स्क्रू. "खड्ड्यांच्या हादऱ्यानं होतं असं कधीकधी," तो म्हणाला आणि स्क्रूखाली वायसरची चकती घातली. काम करता करता तो बोलायचा. आई लहानपणी गेली, वडील लोहारकीचं काम करायचे, स्कूटरीच्या वायरिंगचं तो परभणीला शिकला. त्याच्या बोटांच्या रेषांमध्ये काळं तेल मुरलेलं होतं, पण कप घेताना तो तर्जनी आणि अंगठ्यानं असा अलगद घ्यायचा की कपाला डाग पडायचा नाही. मी दोन्ही वेळा कप तपासला होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ह्या वेळी तो पेचकस हातात धरूनच बसला. स्क्रूकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, घरात नखाला लावायचा रंग आहे का?"

माझ्याकडं कुठला असायला. कुंदाच्या कप्प्यातून लाल रंगाची बाटली आणून दिली. कुंदा तोवर क्लासची वही घेऊन आत बसली होती. त्यानं ब्रश बुडवून स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडापर्यंत बारीकशी रेघ ओढली.

"हे कशाला?"

"पकड बसते," तो म्हणाला.

गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. पांचाळ सारखा सारखा नानांच्या घरी कसा? तरण्या पोरीची स्कूटर त्याच्याच हातात कशी नीट होते आणि त्याच्याच हातानं कशी बिघडते? समोरच्या काकूंनी मला नळावर विचारलं, "काय गं वैजू, कुंदीचा दिवा लई नाजूक दिसतोय?" आणि बाकीच्या बायका हसल्या. मी घागर उचलून आले. मला राग आला होता, पण तो कुंदाची बदनामी झाली म्हणून नव्हता. इतक्या बायकांत एकीलाही माझं नाव घ्यावंसं वाटलं नव्हतं, ह्याचा होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुंदा सूतगिरणीच्या वळणावर होती आणि दिवा गेला. समोरून ट्रक आला. तिनं स्कूटर चरात घातली म्हणून वाचली. गुडघा फुटला, ओढणी फाटली. घरी आली तेव्हा तिचे दात वाजत होते. नाना म्हणाले, "बास. क्लास बंद." कुंदा रडली, पाया पडली. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. शेवटी नाना म्हणाले, "एकदा शेवटचं दाखवू. ह्यापुढं गेला तर स्कूटर विकली."

दुसऱ्या दिवशी दुपारी दिगंबर आला. नाना देवळात गेले होते, कुंदा झोपली होती. भर उन्हात टॉर्च लागणार नव्हता, तरी मी तो घेऊनच बाहेर आले. त्यानं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"बघा."

लाल रेघ मधोमध तुटली होती. अर्धी लोखंडावर, अर्धी स्क्रूबरोबर फिरून भलतीकडंच गेलेली.

"हादऱ्यानं आठवड्यात एवढा फिरत नाही," तो म्हणाला. "आणि ही खाच बघा. पेचकस लागला तर कडा अशा खरवडत नाहीत. हा सुरीनं फिरवलाय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कांदे चिरायची सुरी दिसत होती. तिचं टोक वाकलेलं होतं. त्यानंही ते पाहिलं असावं.

ते मीच करत होते. पहिल्यांदा दिवा आपोआप गेला होता. त्यानंतर तिन्ही वेळा मी दुपारी, कुंदा झोपल्यावर, झाकणाचे दोन स्क्रू आणि आतला तो एक, सुरीच्या टोकानं फिरवले होते. पुरता काढायचे नाही. फक्त चार-पाच किलोमीटर गेल्यावर सुटेल इतपत. ते मला बरोबर जमायला लागलं होतं.

"वैजूताई," तो अगदी हळू बोलला, "काल त्या ट्रकखाली गेल्या असत्या. बहिणीवर एवढा राग बरा नव्हं. तुमचं काय दुःख असंल ते असंल, मला विचारायचा हक नाही. पण पुन्हा करू नका. मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ."

त्याला वाटलं, मी कुंदावर जळते म्हणून करते.

तुम्ही यावं म्हणून, हे मला सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्याचा चेहरा मी बघितला, आणि त्यावर दया होती. आजारी माणसाशी बोलतात तसं तो माझ्याशी बोलत होता. चार वेळा माझ्या दारात येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन, ती एक गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. शिवण्यासारखी त्याला दिसलीच नसेल.

त्यानं नवा स्क्रू घातला. त्यावरही लाल रेघ ओढली, ह्या वेळी बाटली त्यानं मागितली नाही, मीच आणून दिली. चहा न घेता तो गेला.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी माझा चुलतभाऊ भगवानदादा दोन मित्रांना घेऊन आला. बाजार समितीत हमालांवर मुकादम होता तो. नानांसमोर खुर्ची ओढून म्हणाला, "काका, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पांचाळाचं पोरगं मुद्दाम बिघाड ठेवतंय आणि आपल्या पोरीसाठी ह्या दारात येतंय. बोलवा त्याला. माझ्यासमोर उघडू द्या ती स्कूटर."

"कुणाला पाठवू?" नाना म्हणाले.

भगवानदादानं माझ्याकडं बघितलं. "वैजू जाईल. तिनं बोलावलं तर तो येईल. त्याला संशय यायचा नाही."

मी गेले. त्याचं दुकान मी पहिल्यांदाच बघत होते. पत्र्याचं शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरींची भेंडोळी, रंगांप्रमाणे वेगवेगळी. तो एका स्कूटरचा मागचा दिवा बसवत होता. मला बघून चटकन उठला.

"पुन्हा गेला?"

"नाही. भगवानदादा आलेत. त्यांना दाखवायचंय काय झालं होतं ते."

तो हसला. "काळजी करू नका. तुमचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही."

दुकान ते घर पंधरा मिनिटांची वाट. तो पिशवी खांद्याला लावून माझ्याबरोबर चालत होता. पंधरा मिनिटं होती माझ्याकडं. येऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो वाटेत म्हणाला की कुंदाताई परीक्षा पास होणार, हुशार आहेत, त्यांची स्कूटर मी जपेन. मी त्याच्याबरोबर रस्त्यानं चाललेय हे लोकांना दिसतंय, एवढंच मला कळत होतं. आणि तो कुंदाबद्दल बोलत होता.

अंगणात आल्याबरोबर भगवानदादानं फाटक लावून घेतलं.

"उघड ते," तो म्हणाला. "सारखं काय बिघडतं, दाखव."

दिगंबरनं झाकण काढलं. "अर्थिंगचा स्क्रू, दादा. हादऱ्यानं ढिला व्हायचा. नवा घातलाय, आता व्हायचा नाही."

भगवानदादा वाकला. "हे लाल काय?"

"नखाचा रंग हाय. त्यानं स्क्रूला पकड—"

"नखाचा रंग?" भगवानदादा सरळ झाला. "कुंदे, तुझी बाटली आण."

कुंदा बाटली घेऊन आली. तिला काहीच कळलं नव्हतं. दोन्ही लाल एकच होते.

"तिची बाटली तुझ्या हातात कशी आली रे?"

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं. माझं नाव घ्यायचं नाही असं तो कबूल झाला होता, आणि ते बाटलीपुरतंसुद्धा पाळत होता.

नानांनी मला विचारलं. "वैजे, तू घरात असतेस. ही बाटली तू दिलीस का?"

"हो, मी दिली," एवढंच म्हणायचं होतं. त्यात लाजण्यासारखंही काही नव्हतं.

मी म्हटलं, "मी कशाला देऊ? मी तर आतच असते."

पहिला फटका भगवानदादानं दिगंबरच्या कानाखाली मारला. मग मित्रांनी त्याला खाली पाडलं. तो ओरडला नाही, नुसता "दादा, ऐका, दादा, ऐका" म्हणत राहिला. त्याच्या पिशवीतले पाने-पेचकस अंगणभर सांडले. कुंदा पायरीवरून धावत आली आणि किंचाळली, "अहो, त्याला मारू नका! त्यानं काही केलं नाही!"

सगळे क्षणभर थांबले.

"त्याला," भगवानदादा म्हणाला. "ऐकलंत, काका? त्याला म्हणतीय."

नानांनी मान खाली घातली. त्याच्याआधी कुंदा त्या माणसाला कधी एकेरी बोलली नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं निघालं होतं. पण त्यानंतर तिचं काही ऐकायची कुणाला गरज राहिली नाही.

भगवानदादानं दिगंबरचा उजवा हात फरशीवर दाबून धरायला लावला आणि त्यावर बूट ठेवला. मग दुसरा पाय उचलून सगळा भार त्याच पायावर घेतला. मी तेव्हाही बघत होते. माझी नजर हलली नाही. बोटं मोडल्याचा आवाज मोठा नसतो, ओल्या काडीसारखा असतो.

दिगंबरनं जाताना पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं. तेव्हा त्याला कळलं असावं. सगळं नाही, पण मी काय माणूस आहे तेवढं. त्याच्या चेहऱ्यावर आता दया नव्हती, आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटलं.

पुढचं भराभर झालं. कुंदाला खोलीत कोंडलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नानांनी तिचं हॉलतिकीट माझ्या हातात दिलं, "जाळून टाक." मी ते बंबात घातलं. कुंदा दाराच्या फटीतून बघत होती. फेब्रुवारीत तिचं उदगीरला लग्न लावलं. नवरा बिजवर, किराणा दुकानदार, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. स्कूटर विकली. दिगंबरची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. बारीक वायर त्याला धरता येईना. त्यानं दुकान बंद केलं आणि गाव सोडलं. नांदेडला एका पेट्रोल पंपावर गाड्यांत हवा भरतो, असं कुणीतरी बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

मी नानांजवळ राहिले. नाना एक्क्याण्णव वर्षं जगले.

गेल्या साली त्यांच्या वर्षश्राद्धाला कुंदा आली. दुपारी पानं उठल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेलं अन्न झाकत होतो. कुंदा पन्नाशी ओलांडून गेली आहे, कानशिलांवर पांढरं झालंय. एकदम म्हणाली, "ताई, तुला तो पांचाळ आठवतो?"

"कोण?"

"अगं, स्कूटरवाला. त्याच्यामुळं माझं सगळं गेलं. आधी मला त्याचा फार राग यायचा. आता येत नाही." ती खाली बघून हसली. "ह्यांनी एवढ्या वर्षांत मला घ्यायला म्हणून कधी बसस्टँडवर पाऊल टाकलं नाही. आणि तो वेडा, मी दिसावी म्हणून स्क्रू ढिला ठेवायचा. मार खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही. कधी कधी फार एकटं वाटलं ना, की मी ते आठवते. वाटतं, कुणीतरी केलं होतं माझ्यासाठी."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ह्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडं नोकरी नव्हती, धड नवरा नव्हता, पण ते होतं. आणि ते माझं होतं. माझ्या दुपारी, माझी सुरी, माझा चहा.

पश्चात्ताप झाला म्हणून मी सांगितलं, असं मी नंतर स्वतःला समजावून बघितलंय. ते खरं नाही.

"तो स्क्रू मी ढिला करायचे," मी म्हटलं. "सुरीनं. तू झोपलीस की. बाटलीही मीच दिली होती. तुझ्याकडं त्यानं कधी बघितलंही नाही, कुंदा."

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. ती परीक्षेचं विचारेल असं मला वाटलं, ट्रकचं विचारेल, त्याच्या बोटांचं विचारेल. तिनं विचारलं, "म्हणजे तो तुझ्यासाठी यायचा?"

मी हो म्हटलं असतं, तर तिनं ते मला देऊन टाकलं असतं. लहानपणी स्वतःच्या ताटातला लाडू उचलून द्यायची तसं. ती तयार होती, मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो दिवा दुरुस्त करायला यायचा."

कुंदानं झाकण भांड्यावर ठेवलं. संध्याकाळच्या उदगीर गाडीला अजून दोन तास होते, पण ती पिशवी भरून निघाली. दारात नेहमीसारखी नमस्काराला वाकली. हात माझ्या पायांपर्यंत आले नाहीत, मधेच थांबले. मग ती उठली आणि फाटक उघडून चालायला लागली.